धाकट्याला पास

मला फुटबॉल येत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीच्या अर्जात मी 'खेळांची आवड' असं लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण ते खेळ म्हणजे पत्ते आणि कॅरम. पिंपरी गावानं तेव्हा नुकतीच इंग्रजी शाळा, म्हणजे हायस्कूल, काढली होती. नदीच्या अंगाला चार खोल्या, वर पत्रे आणि समोर बाभळी तोडून केलेलं मैदान. मुलाखतीला शाळा समितीचे अध्यक्ष स्वतः बसले होते. त्यांनी 'खेळांची आवड' या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हंजी फुटबालबी येत आसंल?" मी म्हटलं, "हो." नोकरीच्या मुलाखतीत याशिवाय दुसरं उत्तर असतं, हे मला अजूनही माहीत नाही.

अशा रीतीनं मी भूगोलाचा मास्तर झालो आणि फुटबॉलचाही. अध्यक्षांना फुटबॉलची हौस नव्हती. त्यांना शेजाऱ्यांशी बरोबरी करायची होती. रेल्वेलाइनीपलीकडे नव्या कारखान्यांच्या साहेबलोकांची वसाहत उठली होती. तिथली पोरं संध्याकाळी पांढरे बूट घालून फुटबॉल खेळत आणि आमची पोरं सूरपारंब्या. अध्यक्षांच्या भावकीच्या रस्त्याकडच्या जमिनी कारखान्यांत गेल्यापासून त्यांचं साहेबलोकांत उठणं-बसणं वाढलं होतं. त्यांनी ठरवून टाकलं, सव्वीस जानेवारीला गावाची पोरं विरुद्ध वसाहतीची पोरं असा सामना करायचा, साहेबांच्या हस्ते कप द्यायचा, आणि कप गावातच राहायचा. राहिलेलं किरकोळ काम, म्हणजे पोरांना फुटबॉल शिकवणं, माझ्याकडे आलं.

ते मी का अंगावर घेतलं तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. माझी नोकरी हंगामी होती. शाळा मला मे महिन्यात काढून टाकी आणि जूनमध्ये परत घेई. तळेगावला मी एक मुलगी पाहिली होती आणि तिनं मला. मला ती फार आवडली होती. तिलाही मी आवडलो असणार, कारण मी नको नको म्हणत असताना तिनं माझ्या बशीत पोहे दुसऱ्यांदा वाढले होते. तिच्या वडिलांना मात्र माझ्या रूपात, गुणांत, घराण्यात काही रस नव्हता. त्यांचा एकच प्रश्न, "कायम कधी होणार?" शिमग्यापर्यंत थांबू, म्हणाले, नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे. कायम होण्याच्या कागदावर सही लागत होती ती अध्यक्षांची. तेव्हा अध्यक्षांनी मला त्या वर्षी बाभळीवर चढून काटे मोजायला सांगितलं असतं, तरी मी चढलो असतो.

संघ अकरा पोरांचा. त्यांतली सात एकाच भावकीची, म्हणजे अध्यक्षांच्या. त्या सातांत अध्यक्षांचं शेंडेफळ होतं, वय वर्षं चौदा. बापाच्या उतारवयात जन्मल्यामुळे हा पोरगा उरलेल्या सहांचा नात्यानं चुलता लागे. त्या घरात चुलत्याला तात्या म्हणायची रीत, म्हणून मिसरूड न फुटलेला हा पोरगा सहाजणांचा तात्या झाला होता. बाकीची चार पोरं भावकीतली नव्हती. पण अध्यक्षांचा मुलगा म्हणून तीही तात्याच म्हणत. आठ दिवसांनी मीही तात्या म्हणू लागलो.

पुण्याहून मी एक पुस्तक पैदा केलं होतं. त्यात लिहिलं होतं की पास म्हणजे आपल्याकडचा चेंडू मोकळ्या असलेल्या सोबत्याला देणं. मी फळ्यावर गोल आणि बाण काढले, पोरांनी माना डोलावल्या, आणि आम्ही मैदानावर गेलो. तिथे दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की आमच्या संघात सोबती असा एकच आहे. जो तो तात्याला देई. तात्या पुढे असला तरी तात्याला, मागे असला तरी तात्याला. तात्या पायातला काटा काढत खाली बसला होता, तर चेंडू त्याच्या मांडीशी जाऊन थांबला. एकदा तो बाभळीआड लघवीला गेला, तर तिकडेही कुणीतरी अदबीनं चेंडू पोचवला. आणि तात्याकडे गेलेला चेंडू परत कुणाला दिसत नसे. तो एकटाच पळत सुटे आणि शेवटी चेंडू हरवून येई.

सगळ्यांत लहान पुतण्या अकरा वर्षांचा होता. अंगानं काडी, पण पायाला भिंगरी. त्याला घरी-दारी धाकटाच म्हणत. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, तात्याभोवती तिघं उभी होती. मग दुसऱ्याला का नाही दिलास?"

तो म्हणाला, "थोरल्याला सोडून कसं द्यायचं मास्तर? घरीबी आदी थोरल्यालाच वाढत्यात."

मग तात्याला विचारलं, "तू का देत नाहीस?"

तात्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही असभ्य बोललो होतो. "त्यांनी मला दिलाय न्हवं? परत कसा करू? वाईट वाटंल की त्यांस्नी."

ही एक अडचण. दुसरी पायांची. चेंडू काढून घ्यायला पाय घालावा लागतो, आणि पाय घातला की पायाला पाय लागतो. चुलत्याला पाय लागला की पुतण्या जागच्या जागी थांबे, वाकून तात्याला हात लावी आणि तो हात छातीला लावी. चेंडू तोवर नदीच्या वाटेला लागलेला असे. मी ओरडलो, "नमस्कार नंतर करा!" ते कुणाला पटलं नाही. मग मी डोकं चालवलं. एका संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी सहाही पुतण्यांना रांगेत उभं केलं आणि तासाभराचे सगळे नमस्कार आगाऊ करून घेतले. तात्यानंही गंभीरपणे आशीर्वाद दिले. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच धडकेला पुतण्या परत वाकला. आधी केलेला नमस्कार पुढच्या लाथेला चालत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

शेवटी मी नियमच काढला, चेंडू आपल्यापेक्षा धाकट्यालाच द्यायचा. मला वाटलं, आता तरी चेंडू तात्याच्या पायांतून सुटेल. पण संघात सोळा वर्षांचा एक पुतण्या होता, तात्याहून दोन वर्षांनी मोठा. प्रश्न निघाला, धाकटा म्हणजे वयानं की नात्यानं? मैदानाच्या मधोमध चेंडू ठेवून सातही जण भोवती बसले आणि वंशावळ काढू लागले. एकजण तर घरी जाऊन आजोबांना विचारून आला. तोवर अंधार पडला. मी पुस्तक चाळलं, पण त्यात या अडचणीवर काही नव्हतं.

या सगळ्यात मिस्त्री कसे आले ते बाभळींमुळे. मैदानावरच्या बाभळी तोडल्या होत्या, काटे नव्हते तोडले. दर दोन दिवसांनी चेंडूचं ब्लॅडर फुटे आणि मी तो घेऊन मुंबई-पुणे रस्त्यावरच्या मिस्त्रींच्या दुकानात जाई. ते ट्रकच्या ट्यूबांची पंक्चरं काढत. गावातलं जुनं मुसलमान घर, तीन पिढ्या तिथेच. लढाईच्या वर्षांत ते खडकीला लष्करी वर्कशॉपात होते आणि तिथल्या संघात फुटबॉल खेळले होते, हे मला माहीत नव्हतं. चौथ्या पंक्चरला त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही ह्या चेंडूचं करता तरी काय?" आणि बघायला म्हणून ते माझ्याबरोबर मैदानावर आले.

ते पाव तास बघत उभे राहिले. मग हसायला लागले, ते पोट धरून खालीच बसले.

"मास्तर, बुरा मत मानो," डोळे पुसत ते म्हणाले, "पण हा फुटबॉल हाय का शेतसारा? सगळा वरच चाललाय!"

मला राग आला. ज्याला फुटबॉल येत नाही त्याला फुटबॉलवरून हसलेलं फार लागतं. पण शिमगा जवळ येत होता, म्हणून मी राग गिळला आणि म्हटलं, "मग तुम्ही शिकवा."

मिस्त्रींनी तात्याला आणि धाकट्याला पुढे बोलावलं. शाळेपासून त्यांच्या दुकानापर्यंत गाडीवाट होती. दोघांनी त्या वाटेनं शेजारी शेजारी चालायचं आणि चेंडू एकमेकांना देत न्यायचा. एकाच्या पायाला दोनदाच लागला पाहिजे, तिसऱ्यांदा नाही. वाटेकडेच्या चरात गेला तर परत शाळेपासून सुरुवात. अंगठ्यानं मारायचा नाही, पायाच्या पोटानं ढकलायचा. इतपत मलाही पुस्तकात सापडलं होतं. पण मग ते म्हणाले, "आणि माणसाला देऊच नका. त्याच्या पुढं मोकळी जागा दिसते ना? त्या जागेला द्या. त्यो पळत यील आन् घील. जागेला काय, कुणी चुलता न्हाई आन् पुतन्या न्हाई."

पोरांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. थोरल्याला सोडून धाकट्याला देणं हे पाप होतं. पण जमिनीला देण्यात कसलं पाप? तात्यानं चेंडू जागेला दिला. धाकटा भिंगरीसारखा तिथे पोचला आणि त्यानंही पुढच्या जागेला दिला. चेंडू परत तात्याच्या पायाशी आला. तात्या थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच आपण दिलेलं काहीतरी परत आलं, अशा चेहऱ्यानं त्यानं चेंडूकडे पाहिलं आणि तो हसला. मी त्याला तोवर हसताना पाहिलं नव्हतं. चौदा वर्षांच्या पोराला सगळ्यांनी मिळून म्हातारा करून ठेवलं होतं, आणि त्यांत मीही होतो.

पुढचे दीड महिने रोज संध्याकाळी गाडीवाटेवर जोड्या चालत. पहिल्या आठवड्यात चेंडू चरात आणि पोरं परत शाळेत, असंच चाललं. हळूहळू चेंडू दुकानापर्यंत पोचू लागला, मग चालताना, मग धावताना. नमस्कार कमी होत गेले. पुढे खेळ संपल्यावर सगळ्यांचा मिळून एकच उरला. आणि आमचा तात्या असा पास देऊ लागला की मिस्त्री हातातली टायरची कडी टाकून बघत राहत. मला खरोखर आनंद झाला. शिकवलं मिस्त्रींनी, शिट्टी माझ्या गळ्यात होती, आणि गावात नाव माझं होत होतं. यात काही गैर आहे असं मला मुळीच वाटलं नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष सराव बघायला आले. तासभर बघितलं आणि मला बाभळीखाली बोलावलं.

"मास्तर, आमचं पोरगं चेंडू दुसऱ्याला का देतंय?"

मी सांगितलं की यालाच फुटबॉल म्हणतात. बाण काढून दाखवू का, असंही विचारलं.

"ते ऱ्हाऊ द्या. उद्या सायेब येनार, पावनं येनार. पोरगं एवढं पळनार, आन् गोल त्या काडीपैलवानानं करायचा? मंग मानसं इचारनार न्हाईत का, अध्यक्षाचं कोन म्हून?" त्यांनी कोटाच्या खिशातून एक कागद अर्धा बाहेर काढला आणि मला दिसेल एवढाच धरला. वर माझं नाव होतं. "सही तेवढी ऱ्हायलीया. गोल आमच्या पोरानं केला, की तितंच करतो. सगळ्यांम्होरं."

मला वाटतं मी एक मिनिटसुद्धा विचार केला नाही. पोरांना गोळा केलं आणि सांगितलं, उद्या सगळ्यांनी चेंडू तात्याला द्यायचा, आणि तात्यानं कुणाला द्यायचा नाही, स्वतःच गोल मारायचा.

तात्यानं विचारलं, "मंग जागेला द्यायचं ते?"

"ते सरावाला," मी म्हणालो. "सामना वेगळा."

मिस्त्री चेंडूची नाडी आवळत बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत नाडी आवळू लागले.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, भाषणं झाली, साहेबांना हार झाले. अध्यक्ष कोशा फेटा बांधून पहिल्या खुर्चीवर बसले होते. माझ्याशी नजर भिडली की ते खिशावर हात ठेवत. सामना सुरू झाला आणि आम्ही परत पहिल्या दिवसावर आलो. चेंडू तात्याला, तात्या एकटा, त्याच्याभोवती पांढऱ्या बुटांची चार पोरं. पहिल्या अर्ध्या वेळात वसाहतीनं एक गोल केला. सुटीत तात्याच्या नडग्या सोलून निघाल्या होत्या. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "आणखी जोरात पळ." यापलीकडे मला फुटबॉलमधलं काही सुचलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात तात्या एकटाच चौघांना मागे टाकून गेला आणि गोल करून आला. बरोबरी झाली. ढोल वाजला. माझ्या डोळ्यांसमोर तळेगावचं घर आलं, पोह्यांची बशी आली. अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि खिशातून कागद काढून त्यांनी फाउंटन पेनचं टोपण उघडलं. पण मग त्यांना वाटलं असावं, बरोबरीच्या गोलावर कसली सही. त्यांनी एक बोट वर केलं. आणखी एक.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. तात्या चेंडू घेऊन त्यांच्या गोलासमोर पोचला. दोन पोरं अंगावर आली, गोलीही पुढे धावला. डावीकडे धाकटा मोकळा होता, आणि त्याच्यापुढे एवढी जागा होती की बैलगाडी वळली असती. तात्यानं तिकडे पाहिलं. दीड महिना रोज हेच बघायला त्याला शिकवलं होतं.

आणि मी रेषेवरून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो, "देऊ नको! देऊ नको त्याला! तूच मार!"

अध्यक्षही ओरडत होते. पण माझा आवाज मोठा होता, मास्तरांचा आवाज मोठाच असतो.

तात्यानं पायाच्या पोटानं चेंडू ढकलला, धाकट्याला नव्हे, जागेला. धाकटा पोचला आणि त्यानं रिकाम्या गोलात चेंडू मारला. मग तो धावत आला तो थेट तात्याच्या पायाशी वाकला, आणि तात्यानं त्याला उचलून खांद्यावर घेतलं. पोरांनी आरडाओरडा केला, ढोल फुटायची वेळ आली. कप गावात राहिला.

कप घेताना अध्यक्ष फार हसले. साहेबांनी त्यांच्या मुलाला शाबासकी दिली. गर्दी पांगल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मनात तयारी करून गेलो होतो की सांगायचं, तो पास मी शिकवला, कप त्या पासानंच आला. तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "मास्तर, तुमी देऊ नको म्हनत व्हता, आख्ख्या मैदानानं ऐकलं. मीबी म्हनत व्हतो. पोरानं दोघांचंबी ऐकलं न्हाई. पोरगं बापाचं न्हाई ऐकत, ह्ये घरोघर हाय. पन ज्याचं पोरं ऐकत न्हाईत, त्यो मास्तर कायम करून काय करायचा?"

त्यांनी कागद परत खिशात घातला आणि टोपण लावलं. माणूस खोटं बोलत नव्हता.

तात्या चेंडू परत द्यायला आला. नडग्यांवरचं रक्त वाळलं होतं. खाली बघत म्हणाला, "मास्तर, तुमी वरडला ते म्या ऐकलं. पर तितं जागा व्हती."

मी त्याला म्हणालो, चेंडू कपाटात ठेव.

शिमग्याच्या आधी तळेगावच्या मुलीचं एका तलाठ्याशी ठरलं. मे महिन्यात शाळेनं मला काढलं आणि जूनमध्ये परत घेतलं नाही. पुढे दुसऱ्या गावी मी कायम झालो, संसार झाला, आणि या सामन्याची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली. मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणा म्हणून सांगितली. दर वेळी त्या गोष्टीत मी रेषेवर उभा असतो, एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला खेळ, आणि मी छातीठोकपणे ओरडतो, "दे! धाकट्याला दे!" लोक टाळ्या वाजवतात. मिस्त्री आणि तात्या यांतल्या कुणाची गाठ पडू नये म्हणून मी त्यानंतर कधी पिंपरीला गेलो नाही.